निक्सओएसवर मराठी टायपिंग परत परत बंद पडतंय? रोलबॅकनेही जात नसेल तर हे वाचा

निक्सओएस ही एक लिनक्स सिस्टिम. तिच्यावरच्या या त्रासाचं लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. टेक्स्ट एडिटरमध्ये मराठी नीट उमटतं. ब्राउझरच्या चौकटीतही उमटतं. लिब्रेऑफिस रायटर उघडलं की मात्र कुठलीही कळ दाबा, इंग्रजीच येतं. वरच्या पट्टीवर आयबसचा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणाऱ्या प्रोग्रामचा, आयकॉन 'मराठी' दाखवत ऐटीत बसलेला असतो. तुम्ही काहीतरी खटपट करता, ते सुरू होतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

एक गोष्ट आधीच: खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

मशीन आहेत अमळनेरची. माझ्या मावसभावाचं, ज्याला आम्ही सगळे नाना म्हणतो, तिथे झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच गावात वनस्पती तुपाच्या धंद्यातून झाली हे नाना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे गावचाच पाहुणा असा त्याचा सूर असतो. दुकानात चार मशीन. एकावर विंडोज, कारण जुन्या लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल श्रीलिपीत अडकलेत. बाकी तिघांवर मी निक्सओएस टाकलं. मी राहतो धुळ्याला. एक मशीन मेलं तर दुसऱ्यावर तसंच्या तसं उभं करता यावं, एवढाच हेतू होता. आणि त्या बाबतीत निक्सओएसने कधी दगा दिला नाही.

दगा दिला तो या टायपिंगने. फोन यायचा तो दुकानातल्या पोराचा: "भाऊ, मराठी परत बंद पडनं." पीकविम्याची मुदत संपत आलेली असायची, दारात रांग असायची, आणि मी धुळ्यात बसून एसएसएचने, म्हणजे दुरूनच टर्मिनल उघडून, मशीनच्या आत शिरायचो.

मी काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्हीही बहुधा याच क्रमाने जाल. आधी आयबस बंद करून चालू केलं. फरक नाही. मग लॉगआउट, लॉगइन. फरक नाही. मग 'सुडो निक्सओएस-रीबिल्ड स्विच', म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने सिस्टिम कॉन्फिगरेशनवरून पुन्हा बांधणं. काहीच बदललेलं नसल्यामुळे रीबिल्डने काही केलंच नाही. मग शेवटचं हत्यार काढलं:

सुडो निक्सओएस-रीबिल्ड स्विच --रोलबॅक

निक्सओएस वापरणाऱ्याचा जीव या एका ओळीत असतो. काल चालत होतं ना, मग कालचं जनरेशन, म्हणजे सिस्टिमची जपून ठेवलेली कालची अवस्था, आणा. आणलं. मराठी बंदच. आणखी दोन पायऱ्या मागे गेलो, पार महिनाभरापूर्वीच्या जनरेशनवर, जेव्हा याच मशीनवर याच पोराने शंभर पानांचा अहवाल मराठीत टाइप केला होता. तरी बंदच.

इथे मला थांबून विचार करायला हवा होता, आणि मी तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला केला. रोलबॅकने न जाणारा बिघाड म्हणजे तो बिघाड सिस्टिमच्या जनरेशनमध्ये नाहीच. निक्सओएसमध्ये रोलबॅक मागे नेतं ते फक्त सिस्टिमला. घरची फोल्डरं ते हात लावत नाही. आणि त्या घरच्या फोल्डरात पॅकेज, म्हणजे प्रोग्राम, ठेवायची आणखी एक जागा असते.

दुसरी वही

दुकानात नानाची एक खतावणी आहे, लाल कापडाची, आणि एक उधारीची डायरी आहे जी पोराच्या खिशात असते. हिशेब जुळत नाही तेव्हा चूक बहुतेक डायरीत सापडते. निक्सओएसचंही तसंच आहे. खतावणी म्हणजे '/ईटीसी/निक्सओएस/कॉन्फिगरेशन.निक्स'. कोणती पॅकेजं हवीत, कोणत्या सेवा चालू, कोणते फाँट, सगळं तिथे. आपण फक्त काय हवं ते लिहायचं, ते कसं आणायचं हे सिस्टिम बघते. डायरी म्हणजे 'निक्स-एनव्ही'. त्या कमांडने कोणीही साधा वापरकर्ता, पासवर्ड न देता, स्वतःपुरतं पॅकेज टाकू शकतो. त्याची नोंद कॉन्फिगरेशनमध्ये कुठेच होत नाही. ती होते त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे '~/.निक्स-प्रोफाइल' मध्ये. त्या प्रोफाइलची जनरेशनंही वेगळी असतात.

आणि खरी मेख अशी की कमांड शोधायच्या वाटेत, म्हणजे पाथमध्ये, डायरी आधी येते आणि खतावणी शेवटी. दोन्हीकडे लिब्रेऑफिस असेल तर डायरीतलंच उघडतं. मेनूतल्या आयकॉनचंही तेच.

तेव्हा पहिली तपासणी ही, आणि ती पोराच्या लॉगइनमधून करायची, रूटमधून, म्हणजे प्रशासकाच्या लॉगइनमधून, नाही:

व्हिच -ए लिब्रेऑफिस

माझ्यासमोर दोन ओळी आल्या. वर '/होम' खालच्या निक्स-प्रोफाइलमधली, खाली '/रन/करंट-सिस्टिम/एसडब्ल्यू/बिन' मधली. दुसरी ओळ एकटीच असती तर सगळं आलबेल होतं. वरची ओळ दिसली की चोर सापडला.

मग डायरी उघडून बघितली:

निक्स-एनव्ही -क्यू

लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, एक पीडीएफ जोडायचं साधन, आणि एक सॉलिटेअरचा खेळ. खेळाबद्दल मी नानाला सांगितलं नाही.

तुमच्याकडे ही कमांड प्रोफाइल निक्स-एनव्हीशी जुळत नाही अशी तक्रार करून थांबली, तर कोणीतरी नव्या पद्धतीची 'निक्स प्रोफाइल इन्स्टॉल' ही कमांड वापरली आहे असं समजा. एकदा ती वापरली की त्या प्रोफाइलवर जुनी कमांड चालत नाही. तिथे 'निक्स प्रोफाइल लिस्ट' टाका. डायरी तीच, पानं नव्या पद्धतीने आखलेली.

पण मराठीच का बंद पडतं?

लिब्रेऑफिस उघडत होतं, फाइल वाचत होतं, छापतही होतं. मग फक्त मराठीच का रुसली? मला हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि यातली मजाही तितकीच आहे.

निक्सओएस ज्यावर उभं आहे त्या निक्सची मूळ कल्पना एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ पासून नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठात विकसित केली. २००६ च्या त्यांच्या प्रबंधात ती सविस्तर मांडलेली आहे. कल्पना अशी: प्रत्येक पॅकेजने '/निक्स/स्टोअर' मध्ये स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात राहायचं, आणि फोल्डरच्या नावापुढे ३२ अक्षरांचा हॅश. हा हॅश पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनलं त्या सगळ्यांवरून काढलेला असतो. त्यामुळे एकाच मशीनवर ग्लिबच्या, म्हणजे प्रोग्रामना लागणाऱ्या एका पायाभूत लायब्ररीच्या, दोन, तीन, चार आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात. इतर लिनक्सवर एका लायब्ररीच्या अपडेटने दुसरं पॅकेज मोडतं, तो प्रकार इथे नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापली ग्लिब घेऊन फिरतो.

जोवर प्रत्येक प्रोग्राम आपल्या घरात आहे तोवर हे उत्तम. आयबस मात्र दुसऱ्याच्या घरात शिरतं. एखादं जीटीके ॲप, म्हणजे आपल्या खिडक्या आणि बटणं जीटीके लायब्ररीने काढणारं ॲप, उघडलं की आयबसचा एक छोटा तुकडा, इनपुट मॉड्यूल, त्या ॲपच्या प्रोसेसमध्येच लोड होतो. दोघांना एकाच स्वयंपाकघरात काम करायचं असतं, म्हणून दोघांची ग्लिब जुळावी लागते. जवळपासची आवृत्ती दर वेळी चालेलच असं नाही. सिस्टिमचं आयबस एका चॅनेलवरून, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या एका स्रोतातून, आलं आणि लिब्रेऑफिस दुसऱ्या चॅनेलवरून, तर दोघांचे हॅश वेगळे. मग मॉड्यूल लोड न होण्याची पाळी येऊ शकते. तसं झालं की ॲप कुरकुर न करता उघडतं आणि तुमच्या कळा सरळ इंग्रजीत घेतं.

कुरकुर नाही असं म्हणालो, पण ॲप टर्मिनलमधून उघडलं तर ती ऐकू येते: 'लोडिंग आयएम कॉन्टेक्स्ट टाइप आयबस फेल्ड'. आयकॉनवर क्लिक करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. खात्री करायची तर दोन्हींच्या ग्लिबची तुलना करा. आधी 'रीडलिंक -एफ' देऊन लिब्रेऑफिसचा स्टोअरमधला खरा पत्ता काढा, मग:

निक्स-स्टोअर -क्यू --रिक्विझिट्स (तो पत्ता) | ग्रेप ग्लिब

आयबसच्या पत्त्यावरही हेच करा. दोन्हीकडच्या ग्लिबच्या ओळीतले हॅश शेजारी ठेवून बघा. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. आकडा एकच असूनही हॅश वेगळा असू शकतो, आणि हॅश वेगळा म्हणजे लायब्ररी वेगळी.

दुसरं चॅनेल आलं कुठून

ही गोष्ट लिहिताना थोडी लाज वाटते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. गावात फलकांचा, पत्रिकांचा, बिल्ल्यांचा पूर होता आणि नानाच्या दुकानात दिवसरात्र काम. पोराला इंकस्केपची नवी आवृत्ती हवी होती, स्थिर चॅनेलवर जुनी होती. मी घाईघाईत त्याच्याच लॉगइनमध्ये 'अनस्टेबल' नावाचं चॅनेल जोडलं आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली:

निक्स-एनव्ही -आयए अनस्टेबल.इंकस्केप

काम झालं. मी विसरलो. पोरगा विसरला नाही. त्याच्या दृष्टीने ही ओळ म्हणजे हवं ते मिळवायचा मंत्र होता. शेवटचा शब्द बदलला की झालं. पासवर्ड त्याच्याकडे नव्हता, कॉन्फिगरेशनला हात लावायची परवानगी नव्हती, मी फोन उचलेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नव्हतं. त्याने गिम्प घेतलं, पीडीएफचं साधन घेतलं. आणि एकदा रायटर अडकलं तेव्हा 'परत टाकून बघू' म्हणून लिब्रेऑफिसही घेतलं. अनस्टेबलमधून.

दर खेपेला मी काय करायचो? कधी लिब्रेऑफिस डायरीतून काढायचो, पण इतक्या घाईत की ते तिथे का होतं याचा विचार न करता. कधी सगळं सोडून मशीन रीस्टार्ट करायला सांगायचो आणि तोवर पोरगा विंडोजवर काम संपवायचा. मूळ चॅनेल आणि ती व्हॉट्सॲपची ओळ जिथल्या तिथे होती. बिघाड परत येत नव्हता, तो परत टाकला जात होता, आणि त्याचा नुस्खा माझ्या हातचा होता.

चॅनेलची यादी बघताना दोन्हीकडे बघा, साध्या वापरकर्त्याची आणि रूटची:

निक्स-चॅनेल --लिस्ट
सुडो निक्स-चॅनेल --लिस्ट

सिस्टिमचं रीबिल्ड रूटच्या चॅनेलवर चालतं. वापरकर्त्याचं चॅनेल वेगळंच. 'मी तर अपडेट केलं, पण सिस्टिम जुनीच' ही तक्रार जिथे जिथे ऐकली तिथे दहातल्या नऊ वेळा कोणीतरी सुडोशिवाय चॅनेल अपडेट केलेलं असतं. खतावणी जुनी, डायरी नवी. सिस्टिम पुढे न्यायची तर 'सुडो निक्सओएस-रीबिल्ड स्विच --अपग्रेड'.

साफसफाई

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जसं केलं तसं सांगतो. 'निक्स-एनव्ही -क्यू' ची यादी आधी कागदावर उतरवून घेतली. पोराला त्यातलं खरंच काय लागतं ते विचारलं. मग डायरी पूर्ण कोरी केली:

निक्स-एनव्ही -ई '.*'

अवतरणचिन्हं विसरू नका. मग वापरकर्त्याचं जादा चॅनेल काढलं:

निक्स-चॅनेल --रिमूव्ह अनस्टेबल

आणि लागणारी पॅकेजं खतावणीत घातली, 'एन्व्हायर्नमेंट.सिस्टिमपॅकेजेस' च्या यादीत. रीबिल्ड, लॉगआउट, लॉगइन. 'व्हिच -ए' ने एकच ओळ दाखवली आणि रायटरमध्ये 'क' उमटला.

नवी आवृत्ती खरंच हवी असेल तर काय? अनस्टेबलमधलं एखादं पॅकेज कॉन्फिगरेशनमधूनही आणता येतं, त्यासाठी रूटला ते चॅनेल जोडून फाइलमध्ये आयात करावं लागतं. पण जिथे मराठी टाइप करायची आहे असं कुठलंही खिडकीचं ॲप मी आता अनस्टेबलमधून आणत नाही. खतावणीत लिहिलं म्हणून ग्लिबचा फरक मिटत नाही, तो तसाच राहतो. टर्मिनलमधली साधनं खुशाल आणा. इंकस्केपसाठी पुढच्या स्थिर आवृत्तीची वाट बघितली. ती दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आवृत्तीच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो. सहा महिन्यांची वाट काही फार नाही.

तात्पुरतं काही लागलं तर 'निक्स-शेल -पी' हा चांगला मार्ग आहे. ती खिडकी बंद केली की पॅकेज वाटेतून जातं, डायरीत नोंद होत नाही. एकदाच एखादी फाइल बदलायची असते तेव्हा पोरगा आता हेच वापरतो.

लक्षण तेच, कारण वेगळं

'व्हिच -ए' मध्ये एकच ओळ आली आणि तरी मराठी नाही, तर बघायच्या जागा वेगळ्या.

मराठी कुठल्याच ॲपमध्ये येत नसेल तर आयबस कसं टाकलंय ते बघा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पॅकेजच्या यादीत 'आयबस' लिहून मोकळं होणं. तिथे नुसतं आयबस मिळतं. मराठीचं इंजिन त्याला दिसत नाही, आणि ॲप्सना आयबसकडे पाठवणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही बसत नाहीत. ते 'आय१८एन.इनपुटमेथड' या पर्यायातून सुरू करायचं आणि त्याच्या इंजिनांच्या यादीत 'एम१७एन' हे मराठीचं इंजिन घालायचं. या पर्यायाची लिहिण्याची पद्धत मध्यंतरी बदलली. पूर्वी एकाच ओळीत 'एनेबल्ड' म्हणून 'आयबस' लिहायचो, आता 'एनेबल' ला होकार आणि 'टाइप' मध्ये आयबस अशा दोन ओळी. जुन्या लेखातून चिटकवलं तर सूचना येते, ती वाचा. फाँटच्या पर्यायाचंही असंच झालं. 'फाँट्स.फाँट्स' चं २३.११ मध्ये 'फाँट्स.पॅकेजेस' झालं. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर हा फाँटचा प्रश्न आहे, टायपिंगचा नाही. तिथे नोटो किंवा लोहित देवनागरी घाला.

हाच नियम प्रिंटरला. 'कप्स' हे छपाईचं पॅकेज नुसतं यादीत टाकून प्रिंटर चालू होत नाही, 'सर्व्हिसेस.प्रिंटिंग' चालू करून ड्रायव्हर त्याच्या स्वतःच्या यादीत द्यावा लागतो. पॅकेज यादीत असणं म्हणजे सामान घरात येणं. ते जोडून चालू करणं हे सेवेच्या पर्यायाचं काम.

नव्या लॉगइनमध्येच मराठी नसेल तर बहुधा बिघाड काहीच नाही. इंजिन सिस्टिममध्ये असतं, पण 'मराठी इनस्क्रिप्ट हवं' ही निवड प्रत्येक वापरकर्त्याला आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकदा करावी लागते. ती त्याच्या घरच्या फोल्डरात राहते, कॉन्फिगरेशनमध्ये नाही. सगळं लिहून ठेवल्यावरही घराच्या उंबऱ्याच्या आत बरंच काही न लिहिलेलंच असतं.

आणि काल केलेला बदल आज सकाळी गायब असेल, तर रात्री लाइट गेली होती का ते विचारा. हसू नका. मी एकदा 'निक्सओएस-रीबिल्ड टेस्ट' ने बदल लावला, चालतंय बघून खूश झालो आणि 'स्विच' करायचं विसरलो. टेस्ट बदल लगेच लावतं पण बूटच्या यादीत घालत नाही. वैशाखातल्या आखाजीच्या सुमारास, भर उन्हाळ्यात, दिवसातून तीनदा लाइट जायची. यूपीएस दहा मिनिटांत मान टाकायचं. मशीन उठलं की जुनीच सिस्टिम. पोराला वाटायचं उष्म्याने कॉम्प्युटरचं डोकं फिरतं.

उलट गंमत रोलबॅकची. रोलबॅक सिस्टिमला मागे नेतं, पण कॉन्फिगरेशनची फाइल तशीच राहते. बिघडवणारी ओळ त्यात असेल आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कशासाठी रीबिल्ड केलंत, तर बिघाड वाजतगाजत परत. रोलबॅक केलं की त्याच बैठकीत फाइलही दुरुस्त करा.

जागा संपली

साफसफाईनंतर एका मशीनवर रीबिल्ड मध्येच थांबलं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क अर्धी रिकामी. भरलं होतं '/बूट'. त्या मशीनवर आधी विंडोज होतं आणि विंडोजने पाडलेलं बूटचं पार्टिशन १०० एमबीचं होतं. मी तेच पुढे वापरलं होतं. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याची इनिटआरडी, म्हणजे मशीन सुरू होताना लागणारी फाइल, तिथे जाऊन बसते. दोन-तीन कर्नल झाले की दार बंद.

इथे लोक 'निक्स-कलेक्ट-गार्बेज -डी' चालवतात आणि काही सुटत नाही म्हणून चिडतात. सुडोशिवाय चालवलं तर ती फक्त तुमच्या डायरीची जुनी पानं फाडते. सिस्टिमची जुनी जनरेशनं काढायला सुडो लागतं. तेवढ्यानेही बूटमधली जागा लगेच सुटत नाही, पुढचं रीबिल्ड झालं की मगच तिथल्या जुन्या नोंदी जातात. म्हणून जोडी अशी:

सुडो निक्स-कलेक्ट-गार्बेज --डिलीट-ओल्डर-दॅन ७डी
सुडो निक्सओएस-रीबिल्ड बूट

'-डी' ऐवजी सात दिवसांची मर्यादा मी मुद्दाम ठेवतो. '-डी' चालू जनरेशन सोडून सगळं उडवतं, आणि मग रोलबॅकला मागे जायला जागाच उरत नाही. बूटमध्ये हाताने फाइल पुसायला जाऊ नका. कायमचा उपाय म्हणून सिस्टिमडी-बूट या बूटलोडरचं 'कॉन्फिगरेशनलिमिट' त्या मशीनवर ३ ठेवलं, बाकी दोनवर १०. आणि 'निक्स.जीसी.ऑटोमॅटिक' चालू करून आठवड्याची वेळ दिली. कचरा काढल्यावर डेस्कटॉपवर ओढून ठेवलेला एखादा आयकॉन उघडेनासा झाला तर त्यात स्टोअरमधला जुना पत्ता अडकला असण्याची शक्यता असते. तो पुसून मेनूतून नवा घ्यायचा.

अपग्रेड करताना 'सिस्टिम.स्टेटव्हर्जन' चा आकडा बदलायचा मोह होतो. तो आकडा तुमची आत्ताची आवृत्ती सांगत नाही, पहिल्यांदा कुठल्या आवृत्तीवर बसवलं ते सांगतो. राहू द्या.

परत येऊ नये म्हणून

पहिला विचार डायरीच हिसकावून घ्यायचा आला. 'निक्स.सेटिंग्ज.अलाउड-युझर्स' मध्ये फक्त '@व्हील' लिहिलं की व्हील या प्रशासकांच्या गटात नसलेल्या पोराला निक्सची कुठलीच कमांड चालली नसती. लिहूनही झालं होतं. मग लक्षात आलं की 'निक्स-शेल' ही गेलं, आणि पोराची अडचण तर होती तिथेच आहे: गिऱ्हाईक समोर, पॅकेज नाही, आणि धुळ्यातला भाऊ फोन उचलत नाही. ती ओळ काढून टाकली.

त्याऐवजी कॉन्फिगरेशनमधून पॅकेजची यादी वेगळी काढली. 'दुकान.निक्स' नावाची छोटी फाइल, मूळ फाइलच्या 'इम्पोर्ट्स' मध्ये तिचं नाव. त्यात यादीशिवाय काही नाही. नानाशी बोलून पोराला सुडोचा पासवर्ड दिला. ज्याच्या हातात गल्ला आहे त्याला पासवर्ड नको, हा कुठला न्याय, असं नानाच म्हणाला. त्याला दोनच गोष्टी शिकवल्या: यादीत नाव घालायचं, आणि आधी 'टेस्ट', मग 'स्विच'. नाव नेमकं काय ते निक्सओएसच्या पॅकेज शोधायच्या पानावर बघायचं. पॅकेजं लाखाच्या वर आहेत, अंदाजाने लिहून जमत नाही. व्हॉट्सॲपवरची जुनी ओळ मी माझ्याकडून 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला गेलो, मुदत केव्हाच टळली होती. शेवटी त्याच्या मोबाइलवर समोर बसून पुसली.

तिन्ही मशीन एकाच ग्लिबवर राहावीत म्हणून नंतर फ्लेककडे, म्हणजे पॅकेजच्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये बांधून ठेवणाऱ्या पद्धतीकडे, वळलो. लॉक फाइलमध्ये निक्सपॅकेजेसचा, म्हणजे सगळ्या पॅकेजच्या संग्रहाचा, नेमका क्षण बांधलेला असतो, त्यामुळे एका मशीनवर काल अपडेट आणि दुसऱ्यावर महिन्याने असा घोळ राहत नाही. फ्लेक अजून अधिकृतपणे 'प्रायोगिक' आहे, ते आधी चालू करावं लागतं. आणि एक खड्डा त्यात मीही पडलोय: फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असेल तर नवी फाइल 'गिट ॲड' केल्याशिवाय फ्लेकला दिसतच नाही. फाइल समोर असते आणि सिस्टिम म्हणते अशी फाइलच नाही. एकाच मशीनचा मामला असेल तर मात्र एवढा उपद्व्याप करू नका, चॅनेल पुरेसं आहे.

पोराचा पुढचा फोन तीन आठवड्यांनी आला. मी घाबरतच उचलला. "भाऊ, लाल एरर दिसस." फोटो पाठवायला सांगितला. यादीत त्याने चार नवी पॅकेजं घातली होती आणि चांगल्या मराठीत लिहितात तसे प्रत्येकापुढे स्वल्पविराम दिले होते. निक्सच्या यादीत स्वल्पविराम नसतो, नुसती मोकळी जागा असते. "मराठी चालतंय का?" मी विचारलं. चालू होतं. रीबिल्ड चुकीच्या ओळीवर थांबलं होतं आणि दुकान आधीच्याच सिस्टिमवर सुरू होतं. चार स्वल्पविराम पुसायला सांगितले, आणि मागून नानाचा आवाज आला, अर्जाचा प्रिंट काढ आधी.